पाठींतील सुई : भय आणि वस्तुस्थिति

नागपूरच्या नैर्ऋत्येस वेणा नदीच्या कांठीं हिंगणा हें तालुक्याचें गांव आहे. एका बाजूस कापूस, तूर आणि सोयाबीन यांचीं शेतें, तर दुसऱ्या बाजूस कारखान्यांचीं धुराडीं, अशी या तालुक्याची आजची ठेवण आहे. त्यांतील एक घर क्षणभर डोळ्यांपुढें आणावें. घरांत चार वर्षांचा मुलगा आहे. अंगणवाडींत तपासणीस आलेल्या डॉक्टरांनीं त्याच्या जांघेंतील फुगवटा पाहिला आणि हा अंतर्गळ, म्हणजे हर्निया, शस्त्रक्रियेवांचून जावयाचा नाहीं, असें बजावलें. बाप मुलास रुग्णालयांत घेऊन गेला, दिवस ठरला. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनीं समजावून सांगितलें कीं, मुलास औषधी वायु हुंगवून झोपविण्यांत येईल आणि तो झोपल्यावर कमरेखालीं, माकडहाडाच्या जरा वर, एक लहानशी सुई देऊन शरीराचा खालचा भाग कांहीं तास बधिर करण्यांत येईल. ही वार्ता घरीं पोंचतांच आजी म्हणाली, “पोराच्या पाठींत सुई नको देऊं बाप्पा, जन्माचा लंगडा होईल!” आणि संमतिपत्रावर सही करावयास निघालेला बापाचा हात जागच्या जागीं थांबला.

हें घर कल्पिलेलें आहे. त्यांतील भय मात्र कल्पिलेलें नाहीं. तें गांवोगांवीं आहे आणि शिकलेल्या घरांतहि आहे. त्या भयापोटीं शस्त्रक्रिया पुढें ढकलली तर काय होतें, याचाहि विचार केला पाहिजे. मुलांच्या अंतर्गळांत आंतड्याचा वेढा अडकून बसण्याचा धोका असतो, आणि मूल जितकें लहान तितका तो धोका अधिक. अडकलेल्या आंतड्याचा रक्तपुरवठा बंद पडला म्हणजे सकाळच्या निवांत वेळीं करावयाची साधी शस्त्रक्रिया मध्यरात्रीं, धांवपळींत, आजारी मुलावर करावी लागते. म्हणून आजीच्या बोलण्यास हंसून चालणार नाहीं, आणि तें निमूटपणें मानूनहि चालणार नाहीं. त्यास उत्तर दिलें पाहिजे.

त्या उत्तरासाठीं थोडें मागें जावें लागतें. १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं अमेरिकेंत बोस्टन येथें मॉर्टन यानें ईथर हुंगवून वेदनारहित शस्त्रक्रियेचा जाहीर प्रयोग करविला. पुढच्याच वर्षीं नोव्हेंबरांत एडिंबरो येथें सिम्सन यानें क्लोरोफॉर्म वापरांत आणला. त्यास तीन महिने होतात न होतात तोंच, २८ जानेवारी १८४८ रोजीं, इंग्लंडांत न्यूकॅसलजवळील विन्लेटन येथें हॅना ग्रीनर नांवाची पंधरा वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्म हुंगल्यावर थोड्याच मिनिटांत मरण पावली. तिची शस्त्रक्रिया ती काय? पायाच्या बोटाचें नख काढावयाचें होतें! आज तेंच नख काढतांना बोटाच्या मुळाशीं दोहों बाजूंस औषध टोंचून तेवढें बोट बधिर करितात आणि रुग्ण आपल्या पायांनीं घरीं जातो. आजची भूल त्या काळच्या क्लोरोफॉर्मसारखी राहिलेली नाहीं, हें खरें. नाडी, श्वास आणि रक्तांतील प्राणवायु यांवर यंत्रें क्षणोक्षणीं नजर ठेवीत असतात. तथापि ज्या भागावर शस्त्र चालावयाचें तेवढाच भाग बधिर करतां आला तर मेंदूवर औषधाचा भार कमी पडेल, हा विचार हॅनाच्या मृत्यूनें जो जागा झाला तो पुन्हा झोपीं गेला नाहीं.

त्या विचारास साधन मिळालें १८८४ सालीं. व्हिएन्ना येथील कार्ल कोलर या तरुण डॉक्टरानें दाखवून दिलें कीं, कोकेनचे थेंब घातले असतां डोळा बधिर होतो आणि जागेपणीं त्यावर शस्त्रक्रिया करतां येते. १८९८ च्या ऑगस्टांत जर्मनींतील कील येथें ऑगस्ट बिअर यानें हेंच औषध पाठीच्या कण्यांतील पाण्यांत सोडून कमरेखालचें अंग बधिर केलें. त्याच्या पहिल्या कांहीं रुग्णांतच अकरा वर्षांचें एक मूल होतें. १९०९ सालीं लंडनमधील ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील बालरुग्णालयांतील शस्त्रवैद्य टायरेल ग्रे यानें अर्भकांस व मुलांस अशा रीतीनें दिलेल्या भुलेचा विस्तृत वृत्तांत ‘लॅन्सेट’ या नियतकालिकांत छापविला. १९३३ सालीं न्यूयॉर्कच्या मेरेडिथ कॅम्पबेल यानें माकडहाडाजवळून मुलांस दिलेल्या बधिरीकरणाचा अनुभव प्रसिद्ध केला. म्हणजे आजीला जी सुई काल निघालेली वाटते तिच्या पाठीशीं सव्वाशें वर्षांचा अनुभव आहे.

मग मध्यंतरीं ती मागें कां पडली? एक कारण असें कीं, झोपेची भूल सुधारत गेली. दुसरें कारण अधिक खेदकारक आहे. तान्ह्या मुलाचे ज्ञानतंतु अपक्व असतात, म्हणून त्यास वेदना कळत नाहींत, अशी समजूत पुष्कळ विद्वानांची होती. विसाव्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकापर्यंत कित्येक ठिकाणीं नवजात अर्भकांवर शस्त्रक्रिया होतांना अंग हलूं नये इतकीच व्यवस्था होई. वेदनाशमनाकडे फारसें लक्ष दिलें जात नसे. ही समजूत हलविणाऱ्यांत इंदूरच्या महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयांत शिकलेले डॉ. कंवलजीत सिंग आनंद हे अग्रभागीं होते. ऑक्सफर्ड येथें काम करतांना त्यांनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांचे दोन गट केले. हृदयाजवळील रक्तवाहिनी बांधण्याच्या शस्त्रक्रियेंत एका गटास नेहमीच्या भुलेबरोबर प्रबळ वेदनाशामक दिलें, दुसऱ्यास दिलें नाहीं. ज्यांस तें दिलें त्यांच्या शरीरावरील ताण कमी भरला आणि शस्त्रक्रियेनंतरचे उपद्रवहि कमी झाले. हा निष्कर्ष १९८७ सालीं प्रसिद्ध झाला. जी गोष्ट प्रत्येक आईस ठाऊक होती, ती शास्त्रानें इतक्या उशिरां मान्य केली. मूल बोलत नाहीं म्हणून त्याला दुखत नाहीं, असें नव्हे.

आतां ही सुई करते तरी काय, तें पाहूं जातां गोष्ट फारशी गूढ नाहीं. शरीराच्या प्रत्येक भागाकडून मेंदूकडे वार्ता नेणारे ज्ञानतंतु असतात. त्यांच्या आवरणांत क्षाराच्या सूक्ष्म कणांना आंत घेणारीं दारें असतात. तीं उघडलीं कीं वेदनेची वार्ता पुढें सरकते. बुपिवाकेन, रोपिवाकेन किंवा लिग्नोकेन हीं औषधें हीं दारें कांहीं काळ बंद ठेवतात. शेतकऱ्यानें पाटांत मातीचा बांध घातला म्हणजे पाणी त्यापुढें जात नाहीं आणि बांध काढतांच पूर्ववत् वाहूं लागतें, तसेंच हें आहे. पाट फुटत नाहीं, पाणी आटत नाहीं. वाट तेवढी अडते. औषध रक्तांतून वाहून गेलें कीं तंतु पूर्वीसारखे काम करूं लागतात.

अंतर्गळ, न उतरलेलें वृषण, मूत्रमार्गाचा जन्मदोष, वांकडें पाऊल अशा कमरेखालच्या शस्त्रक्रियांत मुलांना बहुधा ‘कॉडल’ नांवाची पद्धति वापरतात. कण्याच्या शेवटीं त्रिकास्थि नांवाचें हाड आहे. त्याच्या खालच्या टोंकाशीं एक फट असून तिच्यावर पातळ पडदा असतो. कमरेवरील दोन खळ्या आणि ही फट यांस जोडणाऱ्या रेषा काढल्या तर जवळजवळ समभुज त्रिकोण होतो. त्याचा खालचा कोन म्हणजे सुईची जागा. मोठ्या माणसांत ही फट सांपडणें कठीण जातें, लहान मुलांत ती बोटानें चाचपतां येते. आणि येथेंच आजीच्या भयाचें खरें उत्तर आहे. मज्जारज्जु, ज्याला इजा झाली तर पाय लुळे पडावे, तो कण्यांत शेवटपर्यंत उतरलेलाच नसतो. प्रौढांत तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीं संपतो. नवजात अर्भकांत तिसऱ्या मणक्यापर्यंत येतो आणि सुमारें वर्षभरांत प्रौढाच्या पातळीवर जातो. सुईची जागा त्याच्या पुष्कळ खालीं असते.

औषधाचें माप मुलाच्या वजनावर ठरतें. बुपिवाकेनची मर्यादा दर किलोस सुमारें २.५ मिलिग्रॅम धरितात. १६ किलोच्या मुलास ती ४० मिलिग्रॅम होते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीं मुलाचें वजन करणें हा उपचार नव्हे, तो हिशेबाचा पाया आहे. सुई आंत गेल्यावर प्रथम पिचकारी मागें ओढून रक्त येत नाहीं ना हें पाहतात, मग औषध थोडें थोडें सोडतात, आणि तें जात असतां हृदयाच्या आलेखावर दृष्टि ठेवतात. एका वेळच्या औषधाचा परिणाम साधारणतः चार ते सहा तास टिकतो.

कोणी विचारील, अंग बधिरच करावयाचें तर मुलास झोपवावें कशाला? याचें कारण मुलाच्या स्वभावांत आहे. चार वर्षांचें मूल अनोळखी माणसांत, दिव्याखालीं, हालचाल न करतां पडून राहील हें संभवत नाहीं. आणि सुई आंत असतां तें उसळलें तर धोका वाढेल. म्हणून बहुतेक मुलांत झोप आणि बधिरता यांचा मेळ घालतात. बधिरतेमुळें झोपेचें औषध हलकें ठेवतां येतें, श्वास मंदावणारीं अफूच्या जातीचीं वेदनाशामकें कमी लागतात, आणि मूल किंकाळी फोडून जागें होण्याऐवजीं शांतपणें डोळे उघडतें. हाच मेळ इतर अवयवांच्या शस्त्रक्रियांतहि घालतात. दुभंगलेला ओठ शिवतांना डोळ्याखालच्या हाडांतून बाहेर येणारा तंतु बधिर करितात. मोडलेला हात बसवितांना कांखेंतील किंवा गळ्याच्या हाडाजवळील तंतु बधिर करितात. पूर्वी हें काम अंदाजानें चाले. आतां सोनोग्राफीच्या पडद्यावर तंतु, रक्तवाहिनी आणि सुईचें टोंक हीं तिन्ही दिसतात.

तान्ह्या मुलांची गोष्ट थोडी निराळी आहे. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांत भुलेनंतर श्वास मध्येंच थांबण्याचा धोका असतो. म्हणून कांहीं वेळां त्यांस न झोपवितां केवळ कण्यांतील सुईवर अंतर्गळाची शस्त्रक्रिया करितात. झोपेच्या औषधानें बाळाची बुद्धि मंद तर होणार नाहीं ना, ही शंकाहि आईबापांस छळते. तिचा छडा लावण्यासाठीं सात देशांतील २८ रुग्णालयांत ७२२ अर्भकांवर एक मोठा अभ्यास झाला. निम्म्यांस जागेपणीं कमरेखालीं बधिर केलें, निम्म्यांस झोपेची भूल दिली, आणि पुढें तीं मुलें पांच वर्षांचीं होईपर्यंत त्यांच्या बुद्धीची तपासणी केली. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, तासाभराच्या आंतील एका भुलेनें दोन्ही गटांच्या बुद्धींत फरक पडला नाहीं. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या अर्ध्या तासांत मात्र श्वास थांबण्याचे प्रकार बधिर केलेल्या गटांत कमी आढळले. यावरून झोपेच्या भुलेस उगाच भिऊं नये आणि सुईसहि भिऊं नये, असा दुहेरी बोध होतो.

आतां धोक्याचा हिशेब मांडला पाहिजे. कारण धोका मुळींच नाहीं असें सांगणारा मनुष्य विश्वासास पात्र नसतो. अमेरिकेंतील बालरुग्णालयांच्या एका संघानें मुलांस दिलेल्या एक लक्षाहून अधिक बधिरीकरणांची नोंद ठेवून ती २०१८ सालीं प्रसिद्ध केली. त्यांत कायमची तंतुहानि एकाहि मुलास झाल्याचें आढळलें नाहीं. कांहीं काळ टिकणारी बधिरता, मुंग्या किंवा अशक्तपणा दर १०,००० मुलांत दोन-तिघांस आला. औषध रक्तांत अधिक जाऊन फेंफरें येणें किंवा हृदय बिघडणें हा प्रकार दर १०,००० मुलांत एकाहूनहि कमी होता. या शेवटच्या संकटावर जो उतारा आहे तो ऐकून हिंगण्याच्या शेतकऱ्यास नवल वाटेल. सोयाबीनच्या तेलापासून केलेलें दुधासारखें पांढरें द्रावण शिरेंतून देतात. तें विषार शोषून घेण्यास साह्य करितें. १९९८ सालीं गाय वाइनबर्ग यांनीं उंदरांवरील प्रयोगांनीं याचा उपयोग दाखवून दिला. जेथें अशी सुई देतात तेथें हें द्रावण हाताशीं असलें पाहिजे. कधीं कधीं सुईचा परिणाम अपुरा होतो. अशा वेळीं भुलेचीं व वेदनेचीं दुसरीं औषधें वाढवून काम पुरें करितात.

आजीच्या मनांत आणखी एक गोष्ट असते. तिच्या ओळखींतील एखाद्या सुनेस बाळंतपणांत पाठींत सुई दिली आणि तेव्हांपासून तिची कंबर दुखते. ती कंबर दुखते हें खोटें नाहीं. परंतु सुई न घेतलेल्या बाळंतिणींचीहि कंबर पुष्कळदां दुखते. दोन्ही प्रकारच्या स्त्रियांची तुलना करून पाहिली तेव्हां दीर्घकाळ टिकणारी पाठदुखी सुई घेतलेल्यांत अधिक आढळली नाहीं. जें आधीं घडलें तेंच पुढच्याचें कारण, असें मानण्याची माणसाची संवयच आहे.

कांहीं मुलांस मात्र ही सुई देऊं नये. सुईच्या जागीं गळूं किंवा जखम असेल, रक्त लवकर गोठत नसेल, कण्यांत जन्मजात व्यंग असेल, तर डॉक्टर दुसरा मार्ग घेतात. म्हणून आईबापांनीं कांहींहि लपवूं नये. विदर्भांतील पुष्कळ कुटुंबांत सिकलसेल हा रक्तदोष आहे. घरांत तो कोणास असेल तर तें आधीं सांगावें. कारण अशा मुलास थंडी, तहान, वेदना आणि प्राणवायूची उणीव यांपासून विशेष जपावें लागतें. तसेंच उपाशी ठेवण्याचा नियम. सामान्यतः शस्त्रक्रियेपूर्वीं ६ तास अन्न, ४ तास आईचें दूध आणि २ तास साधें पाणी बंद ठेवतात. रुग्णालय जें सांगेल तें तंतोतंत पाळावें. पोर रडतें म्हणून आजीनें पदराआड बिस्कीट दिलें आणि कोणी बोललें नाहीं, तर भुलेंत तेंच अन्न उलटून फुप्फुसांत जाऊं शकतें. पाठींतील सुईहून हें लपविलेलें बिस्कीट अधिक घातक आहे. उलट, पाण्याची मुभा असेल तेवढ्या वेळेपर्यंत तें अवश्य पाजावें. मुलास रात्रभर तहानलेलें ठेवण्यांत कांहीं पुण्य नाहीं.

शस्त्रक्रियेनंतर घरच्यांनीं तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली ही कीं, कांहीं तास मुलाचे पाय जड वाटतील, तें उभें राहूं गेलें तर कोसळेल. हें लंगडेपण नव्हे. बांध अजून काढलेला नाहीं इतकाच त्याचा अर्थ. त्यास कडेवर घ्यावें, चालवूं नये. दुसरी ही कीं, बधिर अंगास चटका कळत नाहीं; म्हणून शेक, गरम पाण्याची पिशवी किंवा चूल यांपासून तें दूर ठेवावें. तिसरी ही कीं, बधिरता उतरूं लागली कीं दुखणें येणारच. तें येण्याची वाट न पाहतां सांगितलेलें वेदनाशामक घड्याळ पाहून द्यावें. औषधाची वेळ उलटूनहि पाय हलेनासे राहिले, लघवी बराच वेळ झाली नाहीं, किंवा मूल उठवूनहि नीट जागें होईना, तर विलंब न लावतां रुग्णालयांत कळवावें.

हिंगण्यासारख्या गांवास आज हें ज्ञान दूरचें राहिलेलें नाहीं. हिंगणा मार्गावर डिगडोहच्या टेकडीवर एन. के. पी. साळवे वैद्यकीय संस्था १९९० सालापासून असून लता मंगेशकर रुग्णालय तिला जोडलेलें आहे. वानाडोंगरी येथें शालिनीताई मेघे रुग्णालय आहे. नागपुरांत १९४७ सालीं स्थापन झालेलें सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. वैद्यकीय महाविद्यालयांत बधिरीकरणशास्त्राचा स्वतंत्र विभाग असतो. २०१३ सालीं महाराष्ट्रांतील पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमामुळें अंगणवाडींतील आणि शाळेंतील मुलांचे दोष लवकर उघडकीस येऊं लागले आहेत. दोष कळला, रुग्णालय जवळ आहे, डॉक्टर तयार आहेत. राहतो तो बापाचा थबकलेला हात.

तो हात पुढें सरावा म्हणून त्यानें डॉक्टरांस निःसंकोच विचारावें : माझ्या मुलास कोणती भूल देणार? सुई कोठें देणार? औषध किती वजनावर मोजलें? ती लागूं पडली नाहीं तर काय करणार? मूल जागें होईपर्यंत जवळ कोण राहणार? ज्याच्यापाशीं उत्तर आहे तो या प्रश्नांनीं रागावत नाहीं. आणि आजीसहि बरोबर न्यावें. नातवाची काळजी वाहणारें मन अडाणी नसतें. त्यास फक्त कोणी नीट सांगितलेलें नसतें. ती स्वतः ऐकेल, विचारील, आणि दुपारीं नातू डोळे उघडून न रडतां आईच्या मांडीवर पडून राहील, तेव्हां पुढच्या वर्षीं शेजारच्या घरांत पाठींतील सुईचा विषय निघाला असतां सर्वांआधीं उत्तर देणारी तीच असेल.